तपकिरी डागांचा माग

इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात एक टूथपेस्ट मिळते, पण ती फळीवरून स्वतः उचलून पैसे देऊन घरी नेता येत नाही. तिच्या दर दहा लाख भागांत फ्लोराइडचे ५००० भाग असतात. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये हेच प्रमाण १००० ते १५०० असते. ही तीव्र पेस्ट हवी असेल तर दंतवैद्याची किंवा डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी ती नाहीच. २०२४ साली तेथे ज्यांना माफी नाही अशा रुग्णांना चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स भरावे लागत होते. साध्या पेस्टच्या मानाने ही रक्कम बरीच मोठी. दात घासण्याच्या एका वस्तूला औषधाचा दर्जा, वयाची अट आणि वेगळे शुल्क का असावे, असा प्रश्न ग्राहकाला पडला तर नवल नाही. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका खासगी दंतवैद्याच्या आयुष्यात सापडते. फ्लोराइडचे नाव कोणाच्या ध्यानीमनी नव्हते तेव्हा त्याने हा शोध आरंभला आणि ते नाव हाती येईपर्यंत त्याची तीस वर्षे गेली.

फ्रेडरिक समनर मॅके यांचा जन्म १८७४ साली मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गावी झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९०० साली त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी व्यवसायासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे शहर गाठले. पाईक्स पीक या उत्तुंग शिखराच्या पायथ्याशी वसलेले हे शहर त्या काळी हवापालटासाठी प्रसिद्ध होते. क्षयाचे रुग्ण लांबून तेथे येत. स्वच्छ हवा आणि डोंगरातून येणारे नितळ पाणी ही त्या शहराची मिरवण्याची गोष्ट. अशा ठिकाणी तरुण मॅके यांच्या खुर्चीत एकामागून एक असे रुग्ण बसू लागले, ज्यांचे दात तपकिरी होते. कोणाच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, कोणाच्या दातांवर चॉकलेटी पट्टे, तर कोणाचे दात पार काळपट. घासून, खरवडून, काही केल्या हे डाग जात नसत.

मॅके यांना सर्वांत आश्चर्य वाटले ते गावातल्या इतर दंतवैद्यांचे. डाग सर्वांनाच ठाऊक होते आणि म्हणूनच कोणाला त्यांचे काही वाटत नव्हते. कोणी म्हणे डुकराचे मांस फार खाल्ल्याने असे होते, कोणी निकृष्ट दुधाकडे बोट दाखवी, कोणी पाण्यातल्या चुनखडीकडे. मॅके यांनी ग्रंथ चाळले, तेव्हा या विकाराचा कोठेही पत्ता लागेना. एका अख्ख्या शहराच्या दातांवर दिसणारी गोष्ट शास्त्राच्या पुस्तकांत नसावी, हे त्यांना खटकले. त्या खटकण्यापलीकडे त्यांच्यापाशी दुसरे भांडवल नव्हते. त्यांच्यामागे प्रयोगशाळा नव्हती आणि विद्यापीठही नव्हते. दात भरण्याचा, काढण्याचा रोजचा धंदा सांभाळून जे जमेल ते करायचे होते.

एकट्याच्या शब्दाला वजन येणार नाही हे ओळखून त्यांनी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील दंतवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांना साद घातली. ब्लॅक हे आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जातात. इतका उघड विकार आजवर कोणाच्याच नजरेस पडला नसेल यावर त्यांचा आधी विश्वास बसेना. मॅके यांनी त्यांच्याकडे डागाळलेले दात पाठवले, सहकाऱ्यांच्या मदतीने शहरातल्या शाळकरी मुलांची तपासणीही केली. त्याच शहरात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आढळले. १९०९ साली ब्लॅक स्वतः कोलोरॅडोत आले, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांचे दात त्यांनी पाहिले आणि ते थक्क झाले. त्यानंतर १९१५ साली मृत्यू येईपर्यंत ते या कोड्यात गुंतलेले होते. दोघांच्या कामाचा वृत्तान्त १९१६ साली प्रसिद्ध झाला.

त्या कामातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली अशी की डाग बाहेरून लागत नव्हते. हिरडीच्या आत दात घडत असतानाच त्याच्या इनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण कवचात, वैगुण्य राहत होते. त्यामुळे पक्के दात आल्यावर या शहरात राहायला आलेल्या माणसाला काहीच होत नसे. धोका होता तो लहान मुलांना. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. अर्धवट घडलेले कवच लवकर किडायला हवे, असा ब्लॅक यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात हे कुरूप दात किडीला विलक्षण दाद देत नव्हते. या दुसऱ्या निरीक्षणाचे नेमके काय करावे हे तेव्हा कोणालाच कळले नाही, पण मॅके यांनी ते मनातून पुसले नाही. १९२८ साली डागाळलेले दात आणि दंतक्षय यांच्या संबंधावर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला.

ब्लॅक गेल्यावर मॅके पुन्हा एकटे पडले. वर्षानुवर्षे त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. देशातील कोणत्या गावात असे दात दिसतात, ते लोक कोणते पाणी पितात, ते पाणी केव्हापासून येते, याची टिपणे त्यांनी जमवली. इटलीतल्या नेपल्सजवळच्या रहिवाशांचे दात असेच डागाळलेले असतात, असा अहवाल जॉन ईगर या अमेरिकी सरकारी डॉक्टराने लिहिला होता, तो त्यांच्या हाती लागला. तो अहवाल १९०१ सालचा, म्हणजे मॅके ज्या वर्षी कोलोरॅडोला पोचले नेमक्या त्याच वर्षीचा. दक्षिण डकोटातल्या ब्रिटन या गावाची हकीकत तर बोलकी होती. तेथे १८९८ साली घरोघरच्या उथळ विहिरी मागे पडून गावाला खोल कूपनलिकेचे पाणी मिळू लागले होते. त्याआधी ज्यांचे बालपण सरले त्यांचे दात निर्मळ होते, नंतर वाढलेल्यांचे डागाळलेले. आहार तोच, हवा तीच, बदलले होते ते फक्त पाणी.

संशय पाण्यावर स्थिरावला, पण पुरावा मिळेना. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जात आणि काही वावगे नाही असा निर्वाळा घेऊन परत येत. त्या काळच्या पृथक्करणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, क्षार यांचाच ठरावीक शोध घेतला जाई. ज्याचा शोध घ्यायचा हेच माहीत नाही, ते सापडणार कसे? रसायनशास्त्राने हात टेकल्यावरही एखादा माणूस आपल्या टिपणांवर विसंबून राहतो तेव्हा त्याला हट्टी म्हणतात. मॅके हट्टीच होते.

या हट्टाची खरी परीक्षा १९२३ साली आयडाहो राज्यातल्या ओकली गावात झाली. गावाने सुमारे पाच मैलांवरच्या कोमट झऱ्यापासून नळ आणला होता आणि त्यानंतर मुलांच्या नव्या दातांवर तपकिरी डाग उमटू लागल्याचे पालकांच्या ध्यानात आले. मॅके यांना बोलावण्यात आले. त्यांनी पाणी तपासून घेतले. अहवाल नेहमीप्रमाणे निर्दोष. तरीही त्यांनी गावाला सल्ला दिला तो नळ सोडून देण्याचा आणि जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा. आपण जे पाणी टाकायला सांगत आहोत त्यात काय वाईट आहे हे त्यांना सांगता येत नव्हते. खर्च करून आणलेला नळ गावाने एका दंतवैद्याच्या शब्दावर सोडला. काही वर्षांनी पाहिले तेव्हा धाकट्या मुलांचे नवे दात स्वच्छ होते. मॅके यांचा अंदाज चुकला असता तर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते, आणि ओकलीकरांनी तर नाहीच.

उत्तर अखेर आले ते अगदी अनपेक्षित दिशेने. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचेच गाव आहे. अ‍ॅल्युमिनियमचे खनिज काढणाऱ्या अल्कोआ कंपनीची ती वसाहत होती. १९०९ साली तेथे उथळ झऱ्याविहिरींऐवजी खोल विहिरींचे पाणी सुरू झाले आणि मुलांचे दात डागाळू लागले. अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. ग्रोव्हर केम्फ यांच्यासह मॅके तेथे गेले. पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावातील मुलांना काही नव्हते, बॉक्साइटच्या मुलांना होते. पाण्याचा अहवाल मात्र पुन्हा मौनच पाळून राहिला.

हा वृत्तान्त अल्कोआचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या वाचनात आला आणि ते अस्वस्थ झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेले अन्न विषारी असते, अशी ओरड तेव्हा चालू होती आणि ती खोडून काढण्यात कंपनीचा बराच वेळ जात होता. त्यात बॉक्साइट गावाच्या पाण्याने दात खराब होतात अशी वदंता पसरली तर भांडी विकणार कोण? आपल्या धातूवर बालंट येऊ नये म्हणून चर्चिल यांनी पाण्याची तपासणी वर्णपट पद्धतीने करवून घेतली. मूलद्रव्याचा अत्यल्प अंशही त्यात उघडा पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर आळ येण्याजोगे काही निघाले नाही, निघाले ते फ्लोराइड. पाण्यात फ्लोराइड असण्याची कोणाचीच अपेक्षा नव्हती, म्हणून त्यांनी नवा नमुना मागवून पुन्हा तपासला. निकाल तोच. दर दहा लाख भागांत १३.७ भाग.

जानेवारी १९३१ मध्ये चर्चिल यांचे पत्र मॅके यांना मिळाले. डाग पडणाऱ्या इतर गावांचे पाणीही पाठवा, अशी त्यात विनंती होती. नमुने गेले आणि सगळ्यांत फ्लोराइड निघाले. ओकलीच्या त्या टाकून दिलेल्या झऱ्यात ६ भाग, कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पाण्यात २. पाईक्स पीकच्या ग्रॅनाइट खडकातच फ्लोरिनयुक्त खनिजे आहेत आणि शहराचे ते नितळ पाणी त्या खडकांवरून वाहत येत होते. सत्ताविशीत हाती घेतलेले कोडे मॅके यांना छप्पन्नाव्या वर्षी सुटलेले दिसले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून हाच निष्कर्ष काढला.

पुढचे काम मॅके यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ते सरकारी नोकरीतल्या दंतवैद्याने, हेन्री ट्रेंडली डीन यांनी केले. पाण्यातील फ्लोराइड एक दशलक्षांश भागाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजण्याची रीत त्यांच्या सहकाऱ्याने बसवली आणि डीन गावोगावचे आकडे मांडू लागले. दहा लाखांत एक भागापर्यंत फ्लोराइड असेल तर डाग जवळपास दिसत नाहीत, असे आढळले. एकवीस शहरांतील सात हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीतून १९४२ पर्यंत दुसरी बाजूही पक्की झाली. त्याच एका भागाच्या आसपास दंतक्षय मोठ्या प्रमाणात घटत होता. ब्लॅक आणि मॅके यांना चकित करणाऱ्या त्या जुन्या निरीक्षणाला असा आकडा मिळाला. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला आणि अकरा वर्षांनंतर तेथे जन्मलेल्या मुलांतील दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर झाले. जो पदार्थ गावाच्या पाण्यातून हद्दपार करण्यासाठी मॅके यांनी उमेद खर्ची घातली, तोच आता मोजून मापून पाण्यात घातला जात होता. १९५२ साली मॅके आणि डीन यांना लास्कर पुरस्कार देण्यात आला. पाण्यात फ्लोराइड मिसळण्याविषयीचा वाद मात्र तेव्हापासून पेटला तो शमलेला नाही. २०२५ साली युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी त्यावर कायद्याने बंदी घातली.

पाण्यापाठोपाठ पेस्ट आली. ती दिसते तितकी सोपी नव्हती. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी खडूसारखी कॅल्शियमयुक्त पूड असते आणि ती फ्लोराइडला धरून ठेवते. म्हणून पहिल्या पेस्टी निरुपयोगी ठरल्या. इंडियाना विद्यापीठातील जोसेफ म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथिलाचे फ्लोराइड आणि त्याला न बांधणारी पूड यांची जोडी जमवली. ती क्रेस्ट नावाने १९५६ साली अमेरिकाभर विक्रीस आली. अमेरिकन दंतवैद्य संघटनेने तिला १९६० साली मान्यता दिली. ती पाहायला मॅके नव्हते. १९५९ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

फ्लोराइडचा उपकार मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर होतो, हे त्यानंतर उलगडत गेले. अन्नातल्या साखरेवर जंतू पोसले जातात, त्यांच्या आम्लाने कवचातील खनिज विरघळते, आणि फ्लोराइड लाळेतले खनिज परत तेथे बसण्यास साहाय्य करते. त्यासाठी पेस्ट गिळावी लागत नाही. गिळली तर ती शरीरात जाते आणि मूल लहान असेल तर हिरडीखाली घडत असलेल्या दातांपर्यंत पोचते. तेथे मॅके यांचेच डाग वाट पाहत असतात.

५००० भागांच्या पेस्टवरील निर्बंधांचा अर्थ हा आहे. तिच्या एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅम धरली तर सव्वा मिलिग्रॅम. दहा लाखांत एक भाग फ्लोराइड असलेले सव्वा लिटर पाणी प्याल्यावर जेवढे पोटात जाते तेवढे. साध्या १००० भागांच्या पेस्टमधून याच्या पाचवा हिस्सा जातो. प्रौढ माणूस पेस्ट थुंकून टाकतो, मूल टाकीलच असे नाही. म्हणून ही पेस्ट दिली जाते ती ज्यांचे दात खरोखर धोक्यात आहेत अशा प्रौढांना. डोक्यामानेच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्याने ज्यांची लाळ आटली आहे, वयोमानाने हिरड्या मागे सरून ज्यांच्या दातांची मुळे उघडी पडली व किडू लागली आहेत, त्यांच्यासाठी ही ट्यूब म्हणजे दात टिकणे आणि न टिकणे यांतला फरक असू शकतो. वापरताना थुंकावे, पण लगेच चूळ भरू नये, कारण पाण्याबरोबर औषधही वाहून जाते. खळखळून चूळ भरण्याची आपली सवय पाहता ही सूचना जड जाण्याजोगी आहे. पांढरेशुभ्र हास्य हवे म्हणून ही महाग पेस्ट घेणाऱ्या निरोगी माणसाच्या हाती मात्र विशेष काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली ती १००० ते १५०० भागांचीच पेस्ट, कोणत्याही किराणा दुकानात मिळू शकणारी.

भारतात कायद्याची मर्यादा याहून खाली आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टमध्ये १००० भागांपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे आणि ते प्रमाण ट्यूबवर व वेष्टनावर छापलेले असावे, असा नियम आहे. हा हात आखडता घेण्यामागे कारण आहे. मॅके यांना उत्तर मिळाल्यानंतर सहाच वर्षांनी, १९३७ साली, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्याने दातच नव्हे तर हाडेही जखडलेले लोक आढळले. तो अहवाल लिहिणाऱ्यांत चिंतामण गोविंद पंडित होते, जे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. अशा पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली. नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅम, ही फ्लोराइडची सीमा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या कूपनलिकांनी ती ओलांडली आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर खोल गेले आणि खोल खडकातले पाणी हंड्यात आले. ब्रिटन आणि बॉक्साइट गावांत घडले तेच.

अशा गावातले तपकिरी दातांचे मूल दंतवैद्यापुढे येते तेव्हा घरी कोणती पेस्ट आणता, हे नंतर विचारले तरी चालते. आधी विचारावे लागते ते पाणी कोठून येते आणि केव्हापासून.